भरल्या हाताचं माप

१

सोनपेठच्या बाजारपेठेत धान्याच्या आडतीला लागून माझा दवाखाना होता. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे कोट खुंटीला अडकवायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवलेल्या रेशमी धाग्यावर गाठी मारत बसायचं. एका हातानं. शीर बांधताना डाव्या हातात चिमटा असतो, गाठ उजव्याला एकट्यालाच मारावी लागते. हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकलो तिथं ती आम्हा सगळ्यांनाच शिकवली होती, पण माझी गाठ जराशी निराळी. इतर जण धागा ओढून घ्यायला मधलं बोट वापरत, मी करंगळी वापरायचो. आमच्या उस्तादांना ते बिलकूल पसंत नव्हतं. गाठ सुटत नाही हे पाहिल्यावर त्यांनीही माझा नाद सोडला.

कंपाउंडर आश्रुबा बाटल्या पुसता पुसता म्हणायचा, "साहेब, रोज उठून खुर्चीला बांधायलात. ती काय पळून जायलीय का?"

आणि माझी बायको प्रभावती त्याच्यावर कडी करायची. "अहो, तुमचं पहिलं लग्न उजव्या हाताशी झालंय. मी आपली सवतीवर दिलेली."

मी हसायचो, पण मनातून मला ते आवडायचं. लोक म्हणत, गोविंदराव डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मी म्हणे, गुण औषधाला असतो. तरी ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझ्याजवळ जमीनजुमला नव्हता, वशिला नव्हता. मनसबदाराच्या वाड्यावरून बोलावणं आलं तरी ते या हातालाच यायचं.

२

मुंजाजीला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा थंडी नुकती पडू लागली होती. नदीकाठच्या वाडीवरचा माणूस. चार एकर रान, एक विहीर, दोन बैल. वय माझ्याएवढंच असेल. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा.

त्याची बायको दगडाबाई पुढं होऊन सांगू लागली. "मोट हाकीत व्हते बगा. नाडा हातावर गुंडाळून धरला व्हता. बैल बुजले अन् धावंच्या उतारावरून तसेच खाली सुटले. हाताला असा हिसका बसला की मान एकीकडं अन् हात एकीकडं."

हाड मोडलं नव्हतं, खांदा निखळला नव्हता, कातडीवर नुसते नाड्याचे वळ. मी सुई घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत टोचत गेलो. मुंजाजी सुईकडं दुसऱ्याच कुणाला टोचत असल्यासारखा बघत होता. मग मी त्याचा चेहरा उजेडाकडं वळवला. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली होती आणि बुबुळ बारीक झालं होतं. ते पाहिलं आणि माझी उमेद तिथंच संपली.

आश्रुबाकडून पाटी मागवून मी त्यांना काढून दाखवलं. मानेच्या मणक्यांतून पाच मुळं निघतात. त्यांची होतात तीन खोडं. गळ्याच्या हाडामागं ती फुटतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा गुंफली जातात. उर्दूत या जागेसाठी आम्ही जो शब्द घोकला त्याचा अर्थच वेणी. त्या वेणीचे तीन पेड काखेत उतरतात आणि तिथून पाच वाटा निघतात. एक खांदा उचलते, एक कोपर दुमडते, एक मनगट वर करते, उरलेल्या दोन बोटं चालवतात. सगळ्या हाताला जीव येतो तो इथून. वाटेत कुठं तुटलं तर कधी कधी जुळतं. पण मुळंच मणक्यातून उपटली गेली की खेळ खलास, आणि शेवटचं मूळ उपटलं की त्याच बाजूची पापणी पडते.

"म्हंजे?" दगडाबाईनं विचारलं.

"म्हणजे हात परत यायचा नाही, बाई."

"शिवता न्हाई का येत?"

"नाही."

"तुमच्या हातानंबी न्हाई?"

"कुणाच्याच हातानं नाही."

ती पाटीकडं बघत राहिली. मुंजाजी म्हणाला, "चल गं, साहेबाचा टाइम कशाला खायलीस?" आणि डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला. मला फार वाईट वाटलं. हातावर पोट असणाऱ्या माणसाला हात नाही म्हणून सांगणं यापेक्षा, मेला आहे म्हणून सांगणं सोपं असतं.

३

त्यानंतर ती दोघं आली ती संक्रांतीच्या पुढच्या बाजाराला. हात वाळून काठी झाला होता. खांद्याचं हाड वर आलं होतं, तळहाताचं मांस उतरलं होतं, बोटं आत वळली होती. मुंजाजी दारातच थांबला, नजर चुकवून. दगडाबाईच्या मुठीत लाल दोऱ्याची गुंडी होती.

"डाक्तरसाहेब, एक मागायचं हाय. न्हाई म्हणू नका."

आमच्या भागात अवयवाचा नवस बोलतात, हे मला काही नवीन नव्हतं. डोळा दुखला तर चांदीचा डोळा, पाय गेला तर चांदीचा पाय. सोनाराकडून बोटभर घडवून आणायचा आणि देवीला वाहायचा. नदीकाठच्या देवीची रीत आणखी एक होती. चांदीचा हात बोटाएवढा का असेना, त्याला खऱ्या हाताच्या मापाचा दोरा गुंडाळायचा, मानेपासून करंगळीपर्यंत.

"मग घे की नवऱ्याचं माप," मी म्हणालो.

"त्यो वाळलाय हो. वाळल्या हाताचं माप दिलं तर देवी वाळलेलाच दील. भरल्या हाताचं माप द्यावं लागतंय. अन् तुमच्या हाताला तर गुण हाय."

आश्रुबा पाठ फिरवून हसत होता. मुंजाजी पुटपुटला, "मी नगं म्हणायलो हिला, लय झालं." मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्यानं हिला दोन घास गोड लागत असतील तर माझं काय जातंय? मी बाही वर केली आणि खुर्चीत बसून हात लांब धरला.

तिनं दोऱ्याचं टोक माझ्या मानेला, मागच्या बाजूला, मणक्यावर टेकवलं. तिचं बोट गार होतं. तिथून खांद्यावरून, काखेतून, दंडाच्या आतल्या बाजूनं ती दोरा आणत गेली. मला थोडं नवल वाटलं, कारण शिंप्यासारखं वरून माप न घेता तिनं दोरा नेमका तसाच नेला होता जशी मी पाटीवर ती वेणी काढली होती. लक्षात ठेवलं होतं बाईनं. करंगळीच्या टोकाशी तिनं दोरा दातानं तोडला.

४

उन्हाळ्यात, एका सकाळी, माझा कोट खाली पडला.

खुंटीला अडकवला असं मला वाटलं होतं. उचलला, पुन्हा हात वर केला. हात खांद्याच्या पातळीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. दुखत नव्हतं. नुसता पुढं जात नव्हता, अडलेल्या बैलासारखा. मी कोट डाव्या हातानं अडकवला, तेल चोळायला सांगितलं आश्रुबाला आणि वाताची लक्षणं आठवू लागलो.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. मुंजाजी आला होता. दारात उभा राहून त्यानं उजवा हात उचलला आणि चौकटीला टेकवला.

"साहेब, हे बगा! हे बगा की!"

दगडाबाई पदरात तोंड घालून रडत होती. आडतीवरचे हमाल काम टाकून बघायला आले. मी उठून त्याचा खांदा चाचपला. मांस भरलं होतं. मला आनंद झाला, खरंच झाला. मग डोकं चालू लागलं. तुटलेला तंतू वाढतो तो दिवसाला तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढासुद्धा नाही. आणि उपटलेलं मूळ तर वाढतच नाही. पापणी अजून अर्धी मिटलेलीच होती. म्हणजे माझं निदान बरोबर होतं आणि समोर जे दिसत होतं तेही खरं होतं. या दोन्ही गोष्टी एका माणसात मावत नव्हत्या.

मी सुई काढली. त्याच्या खांद्याखाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला टोचली.

"कळतंय?"

"न्हाई साहेब. हलतंय, पर कळत न्हाई."

माझ्या दंडाला डास चावल्यासारखं झालं. मी डाव्या हातानं चापट मारली. पुन्हा त्याला टोचलं, जरा जोरात. तो ढिम्म. मी पुन्हा चापट मारली आणि तसाच उभा राहिलो, कारण भर उन्हात दवाखान्यात डास नव्हता.

"साहेब, काय झालं?" आश्रुबानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि सुई ठेवून दिली. तिसऱ्यांदा टोचून बघायचं धाडस मला झालं नाही.

५

मी अडाणी माणूस नाही. माझं काय जातंय हे मला पहिल्यापासून कळत होतं आणि तेच वाईट होतं. आधी खांदा गेला, म्हणजे सगळ्यात वरचं मूळ. मग कोपर दुमडेना आणि अंगठा बधिर झाला, म्हणजे त्याच्या खालचं. मग मनगट पडलं. एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं आकृतीवर बोट ठेवून वरून खाली म्हणत जावं, तसं एकेक मूळ क्रमानं जात होतं. कोणताही रोग इतका शिस्तीचा नसतो. परभणीला जाऊन थोरल्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी मान तपासली, आराम करा म्हणाले, हवापालट करा म्हणाले. येताना मधल्या एका ठेसनावर गाडी थांबली तेव्हा खिडकीशी माणसं कणसं विकत होती, आणि मी लहान पोरासारखा रडत होतो.

बोटांचं काम अजून शाबूत होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चालत होतं. खुर्चीच्या धाग्यावर मी गाठ मारून बघायचो. हात मांडीवर ठेवून, कशीबशी. तेवढीच आशा.

पण हाताला जे कळायला हवं ते कळत नव्हतं आणि जे कळायला नको ते कळू लागलं होतं. जेवताना अंगठ्याला ओल्या शेणाचा गारवा लागला. मी ताटावरून हात मागं घेतला.

"काय हो?" प्रभावतीनं विचारलं.

"काही नाही. मुंगी असेल."

दुसऱ्या दिवशी बैलाचं वशिंड लागलं, केसाळ, ऊन. त्यानंतर एकदा भाकरीचं पीठ, आणि पिठावर दुसरी बोटं, बायकी, खरबरीत. मी प्रभावतीला सांगितलं सगळं. ती हसली नाही. म्हणाली, "आपण वाडीवर जाऊन येऊ. तुम्ही एकटे जाऊ नका."

मी तिला नेलं नाही, आश्रुबाला घेऊन गेलो. टळटळीत दुपार होती. वाडीत चिटपाखरू नव्हतं. मुंजाजीच्या अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकलेली आणि तो तिच्यावर पालथा झोपलेला, डावीकडं तोंड करून. घोरत होता. उजवा हात बाजेखाली लोंबत होता. आधी मला वाटलं तोही झोपला आहे.

बाजेची एक सुतळी सुटून खाली आली होती. हात तिच्याशी काहीतरी करत होता. मी वाकून पाहिलं. हात गाठ मारत होता. धागा अंगठ्यावरून, मधल्या बोटाखालून, आणि करंगळीनं ओढ. पुन्हा अंगठ्यावरून. सुतळीवर खालपासून वरपर्यंत गाठी होत्या, एकीला एक लागून, एकसारख्या. मुंजाजी घोरत होता आणि हात घाई न करता, नीट, खाली बसलेल्या माणसासारखा आपलं काम करत होता. माझ्या करंगळीला सुतळी काचत होती.

"साहेब," आश्रुबा माझ्या कानाशी म्हणाला, "चला हितून."

दगडाबाई घरातून बाहेर आली. तिनं पाहिलं मी काय बघतोय ते. हात लगेच थांबला नाही.

मुंजाजी उठून बसला, माझे पाय धरायला निघाला. "साहेब, बरं झालं आलाव. ह्यो हात माझा न्हाई हो. मी म्हणतो कासरा धर, तर ह्यो दुसरंच करतोय. पोराचं डोकं दुखायलं तर ह्यो आपसूक कपाळ चाचपाय गेला अन् नाडी धरून बसला. मला नाडी कुठली कळती? कापून टाका साहेब. पाया पडतो."

"काय कापायलाव?" दगडाबाई कडाडली. "भरला हात कुणी कापून टाकतंय का? रान पडीक व्हतं हंगामभर. पोरं उपाशी निजली तवा कुटं गेलता?" मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "डाक्तरसाहेब, तुमास्नी काय झालंय ते मला दिसायलंय. मी मुद्दाम न्हाई केलं. पर देवीला वाहिलेलं माघारी घेत न्हाईत. मागाय गेलं तर ती हाय तेबी नेती."

कापायला हात लागतो आणि तो माझ्याजवळ नव्हता. परभणीला नेऊन कापता आला असता, पण मी तो विषय काढला नाही. त्या हाताकडं बघताना मला माझं काहीतरी तिथं ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि आपली वस्तू परक्याच्या घरी असली तरी ती मोडावी असं कुणाला वाटत नाही.

निघताना मुंजाजीनं वर पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. उजवी पापणी डावीइतकीच वर.

घरी पोचलो तेव्हा प्रभावती दिवा लावत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हात थांबवला. "अहो, तुमच्या एकाच डोळ्यावर झोप कशी आली?"

६

आषाढात पटकीची साथ आली. वाडीवरून सांगावा आला तेव्हा मी उजवा हात झोळीत बांधून हिंडत होतो. दवाखाना आश्रुबाच चालवत होता, मी खुर्चीत बसून नुसता सांगायचो. तरी गेलो. कुणी बोलावलं आणि गेलो नाही असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मुंजाजी भिंतीशी पडला होता. डोळे खोल, नखं निळी, अंग गार. डाव्या मनगटात नाडी नव्हती. त्याला मिठाचं पाणी शिरेतून द्यायला हवं होतं, लागलीच. पण पटकीच्या रोग्याची शीर सुईला सापडत नाही. कातडी उघडून शीर वर घ्यावी लागते, तिला छेद द्यायचा, काचेची नळी आत सरकवायची आणि रेशमानं बांधायची. शंभरदा केलेलं काम. डोळे मिटून केलं असतं.

"आश्रुबा, तू कर. मी सांगतो."

त्यानं डाव्या कोपराशी कातडी उघडली. शीर मिळाली. नळी गेली आणि निसटली. पुन्हा गेली. "धर तशीच, मी बांधतो," मी म्हणालो आणि डाव्या हातानं रेशीम घेतलं. मला ते जमेना. दात लावले, तरी जमेना. मुंजाजीचा श्वास उथळ होत चालला. दगडाबाई उशाशी बसून नुसतं "साहेब, साहेब" म्हणत होती. माझ्यासमोर माणूस मरत होता आणि त्याला वाचवायला एक गाठ हवी होती, एकच.

मुंजाजीचा उजवा हात उठला.

तो सगळा गार पडला होता, हा हात ऊन होता. तो त्याच्या छातीवरून आला, माझ्या बोटांतून रेशीम काढून घेतलं, शिरेखालून फिरवलं. अंगठ्यावरून, मधल्या बोटाखालून, करंगळीनं ओढ. एक गाठ, वर दुसरी. माझ्या झोळीतल्या मेलेल्या बोटांना ओलं रेशीम लागलं, नळीची काच लागली, शिरेचा लिबलिबीतपणा लागला. इतक्या महिन्यांनी मला माझं काम हाताला लागत होतं. मला लाज वाटते सांगायला, पण त्या घडीला मी सुखावलो होतो.

आश्रुबानं बाटली वर धरली. पाणी उतरू लागलं. पण उशीर झाला होता. बाटली अर्धी व्हायच्या आत मुंजाजीची मान कलली.

मी छातीला कान लावला. काही नाही. डोळ्यांत बोट फिरवलं. काही नाही. मग कशासाठी कोण जाणे, उजवं मनगट धरलं.

नाडी चालू होती. संथ, भरलेली, निरोगी माणसाची. मी डाव्या हातानं तिच्यावर बोटं ठेवली होती आणि माझ्या उजव्या मनगटावर कुणाची तरी बोटं मला लागत होती.

"गेलं का हो?" दगडाबाईनं विचारलं.

मी ते मनगट धरूनच बसलो. कोणत्या तोंडानं हो म्हणणार?

७

साथीत गेलेल्याला जाळायला वाळलं सरपण नव्हतं. वाडीतली उरलेली चार माणसं काठावर, देवीच्या ठाण्याशी, खड्डा खणत होती. मी म्हणालो, थांबा. ते थांबले. वाडीचे किशनराव पाटील म्हणाले, "काय डाक्तरसाहेब? जीव हाय का काय?" मी म्हणालो, नाही. "मग थांबायचं कशापायी?" खरं सांगितलं असतं तर डॉक्टर वेडा झाला म्हणाले असते, आणि मेलेल्या माणसाचा हात कापून माझ्याकडं द्या असं म्हणायला मी खरंच वेडा व्हायला हवा होतो.

पांघरलेल्या धोतराखालून हात बाहेर आला होता. बोटं हळूहळू उघडत, मिटत होती. ते फक्त मी पाहिलं आणि दगडाबाईनं. तिनं पुढं होऊन तो धरला, क्षणभर गालाला लावला आणि आत सारून धोतर खोचलं. तिचा ओला गाल माझ्या तळव्याला लागला. मग माती पडू लागली. तीही लागली.

तुटल्या अवयवाची जाणीव मागं राहते, हे पुस्तकांत आहे. पाय कापलेल्या माणसाच्या नसलेल्या टाचेला खाज सुटते. मी रोज स्वतःला तेच सांगितलं. माती ओली आहे, चिकट आहे, तळव्याखाली एक खडा आहे, सगळं डोक्याचे खेळ. तसं म्हणता म्हणता बोटं उकरू लागत. मी उकरत नव्हतो. नखांत माती भरत होती. वर यायला तो हात धडपडत होता आणि वर कुठं आहे हे त्याला कळत नव्हतं.

शेवटी मी आश्रुबाला घेऊन फावडं आणलं. मनाशी ठरवलं होतं, कुणी काही म्हणो. पण गोदावरीला पूर येऊन गेला होता. काठ कापला गेला होता, वर गाळाचा थर बसला होता, सगळीकडं सारखाच, काळा. देवीचं ठाणंसुद्धा दिसत नव्हतं. दगडाबाई पोरांना घेऊन माहेरी गेली होती. आश्रुबानं इथंतिथं दोन-चार खड्डे केले आणि फावडं टेकून उभा राहिला. "साहेब, कुटं खांदू सांगा, मी खांदतो. पर सांगा." मला सांगता येईना.

आता मी दवाखान्यात जात नाही. प्रभावती दुपारी माझ्याजवळ बसते आणि झोळीतून माझा उजवा हात काढून आपल्या मांडीवर घेते. तेल लावते, बोटं चोळते. "काही लागतं का हो?" विचारते. तिच्यासाठी मी हो म्हणतो.

परवा ती अशीच बसली होती. तिकडं, गाळाखाली, बोटांचं उकरणं चालू होतं. मग ते थांबलं. बोटांच्या फटींतून खालच्या बाजूनं काहीतरी सरकलं. आधी एक, मग दुसरं, मग बाकीची. बोटं होती ती. गार, आणि भलतीच लांब. ती माझ्या बोटांत गुंफली गेली आणि मिटली. ओढलं नाही, दाबलं नाही. अंधारात माणूस ओळख पटवायला चाचपतो तसं मनगट चाचपलं, आणि ती वर सरकू लागली. मागायला गेलं तर देवी आहे तेही नेते, असं दगडाबाई म्हणाली होती.

मी प्रभावतीला म्हणालो, तू आजच माहेरी जा. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "एवढी वर्षं त्या हातापायी मला जवळ बसू दिलं नाहीत. आता तर मी उठतच नाही." आणि दोन्ही हातांनी माझा हात घट्ट धरला.

अजून ती तशीच बसली आहे. तिचा हात मला कळत नाही. दुसरा कळतो. तो आता कोपराच्या वर आला आहे.